ही चावी नक्की कशाची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरात पडून असलेल्या, कशाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा चाव्यांचे फोटो पाठवा, आणि तुम्ही भरपूर पाठवलेत, थँक्यू. पण मंडळी, बऱ्याच फोटोंत नुसती मूठच दिसतेय. मुठीवर नक्षी असते, कंपनीचं नाव असतं, दिसायला छान असते, सगळं कबूल, पण कुलपाला मुठीशी काही देणंघेणं नसतं, ते उघडतं दुसऱ्या टोकाने. त्यामुळे पुढच्या वेळी टोकाचा फोटो समोरून एक आणि बाजूने एक, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे साइझ कळेल. आणि सध्या वापरात असलेल्या चावीचा फोटो कुणालाच पाठवायचा नाही, आम्हालासुद्धा नाही. का ते विरारच्या पत्रात खाली येईलच.

प्रश्न: आमच्या वाड्याच्या माळ्यावर एक लोखंडी कुलूप सापडलं, लांबट नळीसारखं, चांगलं जड आहे. सोबत चावी पण आहे पण तिला दातेच नाहीत! टोकाला स्क्रूसारखे आटे आहेत फक्त. ही चावीच आहे का दुसरंच काहीतरी आहे? घातली तर थोडी फिरते आणि अडकते. घरातले म्हणतात ठोकून बघू. — एक वाचक, वाई

उत्तर: ठोकू नका! चावीच आहे ती, आणि कुलूप-चावी दोन्ही जोडीने सापडलं म्हणजे नशीबवान आहात, बहुतेकांकडे दोन्हीतलं एकच उरलेलं असतं. याला स्क्रूचं कुलूप म्हणू. आपल्याकडे, नेपाळात, इराणकडे अशी कुलपं खूप चालायची, गावातल्या लोहारालाही जमणारं काम होतं. आत एक दांडा असतो, त्याला मागून स्प्रिंग रेटत असते, म्हणून तो कडीत अडकून बसतो. चावी फिरवत आत नेली की तिचे आटे आतल्या आट्यांत बसतात आणि जसजशी फिरवाल तसा दांडा स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढला जातो, पुरता मागे आला की कडी सुटते. म्हणजे अर्धा फेरा मारून काही होणार नाही, बरेच फेरे मारावे लागतात, आणि बंद करताना चावी उलटी फिरवत बाहेर काढायची, दांडा आपोआप पुढे जातो.

तुमची अडकतेय ती बहुतेक गंजामुळे. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो चावीच्या भोकात आणि कडीच्या दोन्ही बाजूंनी मारा आणि रात्रभर तसंच ठेवा, मग चावी थोडी पुढे थोडी मागे, थोडी पुढे थोडी मागे असं करत न्या, एका दमात जोर लावलात तर आटे झिजतील आणि मग चावी असून नसल्यासारखीच. खोबरेल तेल मात्र घालू नका. आपल्याकडे करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूत खोबरेल ओतायची सवय आहे, पण ते थंडीत गोठतं आणि पुढे धूळ धरून चिकट होऊन बसतं. वाईची थंडी तुम्हाला वेगळी सांगायला नको. आणि हो, भोकच दिसत नसेल अशी पण कुलपं असतात, एखादी पट्टी सरकवली की खाली भोक निघतं, ती बनवणाऱ्याची गंमत.

याचं एक भावंड पण आहे, ते कुणाकडे निघालं तर गोंधळू नका. त्याची चावी म्हणजे टोकाला काटकोनात वाकवलेली पट्टी आणि पट्टीला चौकोनी भोकं. ती फिरवायचीच नसते, सरळ सरकवायची. आतल्या स्प्रिंगच्या पात्या बाणाच्या टोकासारख्या फाकलेल्या असतात, पट्टी त्यांच्यावरून सरकली की पात्या मिटतात आणि दांडा बाहेर येतो. लोक ती फिरवायला जातात आणि पट्टी वाकवून ठेवतात. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपं आहेत, ती बघून या.

प्रश्न: नवीन ट्रॉली बॅग घेतली, नंबरलॉक आहे पण शेजारी चावीचं भोक पण आहे आणि त्यावर टीएसए००७ असं लिहिलंय. चावी मिळालीच नाही. दुकानदार म्हणतो मॅडम याला चावी येतच नाही. फसवतोय का? — एक वाचक, विरार

उत्तर: नाही हो ताई, यावेळी दुकानदार खरं बोलतोय. टीएसए म्हणजे अमेरिकेतलं विमानतळावर सामान तपासणारं सरकारी खातं. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिकडे सामानाची तपासणी कडक झाली, मालक समोर नसताना बॅग उघडायची वेळ आली की कुलूप फोडावं लागायचं, म्हणून ठरावीक प्रकारची कुलपं मान्य केली ज्यांची मास्टर चावी त्या लोकांकडेच असते. ००७ हा चावीचा प्रकार, जेम्स बाँडशी संबंध नाही. ते भोक तुमच्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी नंबर. विरारहून नागपूरला जाताना त्या भोकाचा काडीचा उपयोग नाही.

आता फोटोची गोष्ट. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पेपरने सामान तपासणीवर लेख छापला आणि त्यात या मास्टर चाव्यांचा फोटो टाकला, अख्खा जुडगा, दाते स्वच्छ दिसतायत. पुढच्या वर्षी लोकांनी नुसत्या फोटोंवरून थ्रीडी प्रिंटरवर चाव्या काढल्या आणि त्या चालल्या. सरकारी मास्टर चावीची ही गत, तर नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून चावी हातात धरून स्टेटस ठेवणाऱ्यांनी जरा विचार करा. मुठीचा ठेवा हवा तर.

प्रश्न: वडील जाऊन चार महिने झाले. त्यांच्या कपाटात एका छोट्या कापडी पिशवीत एक चावी सापडली, लांब दांडा, टोकाला दोन्ही बाजूंना पायऱ्या-पायऱ्यांसारखे दाते, आणि मुठीवर फक्त एक नंबर. घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. आईला काही माहीत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर: दोन्ही बाजूंना दाते असलेली लांब चावी बहुतेक वेळा तिजोरीची किंवा बँक लॉकरची असते. घरात तिजोरी नाही, दुकान-गोडाऊन नाही आणि चावी एवढी जपून वेगळी ठेवलेली, म्हणजे लॉकरची शक्यता जास्त. भिंगाने नीट बघा, नंबरशिवाय आणखी काही अक्षरं ठोकलेली आहेत का. रिझर्व्ह बँकेचे लॉकरबद्दलचे सुधारित नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले, त्यात असं आहे की लॉकरच्या चावीवर बँकेचा-शाखेचा ओळख कोड असला पाहिजे, चावी कुठली ते यंत्रणांना कळावं म्हणून. जुन्या चावीवर तो नसूही शकतो. आणि चावीवरचा नंबर म्हणजे लॉकरचाच नंबर असं धरून चालू नका, बहुतेक ठिकाणी हे दोन नंबर मुद्दामच वेगळे ठेवतात.

चावी बोलत नसेल तर पासबुक बोलतं. वडिलांची जी जी खाती होती त्या सगळ्यांची जुनी पासबुकं काढा आणि वर्षातून एकदा लॉकर भाड्याची रक्कम कापली गेलीय का ते बघा, शेजारी जीएसटी पण कापलेला दिसेल. तसंच एखादी जुनी एफडी, जी का ठेवली ते कुणालाच कळत नाही, ती लॉकरची अनामत पण असू शकते, बँका तीन वर्षांचं भाडं अधिक फोडायचा खर्च एवढी एफडी मागू शकतात.

बँक सापडली की चावी घेऊन सरळ उघडायला जाऊ नका, तशी ती उघडणारही नाही कारण लॉकरला दोन चाव्या लागतात, आधी बँकेची मग तुमची. मृत्यूचा दाखला घेऊन जा आणि नॉमिनी कोण आहे ते विचारा. नॉमिनी असेल तर कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असा नियम आहे. नॉमिनी नसेल तर वारसांची कागदपत्रं लागतील, वेळ जाईल, पण होतं. फक्त टाळाटाळ करू नका, भाडं थकत जातं, आणि सात वर्षं कुणीच लॉकर उघडला नाही आणि मालकाचा पत्ताच लागला नाही तर बँकेला तो उघडायची मुभा आहे. आणि तुमच्या स्वतःच्या लॉकरची चावी कुठल्या बँकेची ते घरात एका तरी माणसाला सांगून ठेवा राव.

प्रश्न: सोसायटीच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक चावी आहे, टोकाला तिकोनी पोकळ भोक. सेक्रेटरी म्हणतात टाकून द्या. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: टाकू नका आणि वापरू पण नका. तिकोनी चावी इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराची असते किंवा लिफ्टच्या बाहेरच्या दाराची. लिफ्टच्या दारावर वरच्या बाजूला छोटं गोल भोक असेल आणि आत तिकोनी खुंटी दिसत असेल तर तीच. ती फक्त इमर्जन्सीत, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने वापरायची, कारण दार उघडलं म्हणजे समोर लिफ्ट असेलच असं नाही, अंधारात पाय टाकून माणसं खाली गेलेली आहेत. लिफ्ट मेंटेनन्सवाल्याला दाखवून खात्री करा आणि कुलपात ठेवा.

प्रश्न: आजीच्या पेटीत दोन चाव्या सापडल्या. दोन्हींच्या टोकाला चौकोनी पोकळ भोक. एकीला फुलपाखराच्या पंखासारखी मूठ, दुसरी सरळ टी आकाराची. आजी गाणं शिकवायची आणि घरात लंबकाचं घड्याळ पण होतं (आहे अजून, बंद). — एक वाचक, नाशिक

उत्तर: वर म्हटलं मुठीकडे बघू नका, इथे मूठच उत्तर देतेय, असो. पंखवाली घड्याळाची, टी वाली स्वरमंडळाची असणार. दोन्ही कुलपाच्या नाहीतच. स्वरमंडळाला तीसेक तारा, प्रत्येक तार एका खुंटीला गुंडाळलेली आणि खुंटीचं डोकं चौकोनी, किंचित निमुळतं. त्यावर ही चावी बसवून तार सुरात लावायची. अगदी केसभर फिरवायची असते, घड्याळासारखी चावी दिलीत तर तार तुटून अंगावर येईल. स्वरमंडळ कुणाला देऊन टाकलं असेल तर चावी पण त्यांना नेऊन द्या, तिच्याशिवाय त्या बिचाऱ्यांचं अडत असेल.

घड्याळाचं म्हणाल तर डायलवर दोन भोकं आहेत का बघा. एक चालायचं, दुसरं टोल्यांचं, दोन्हीला वेगवेगळी चावी द्यावी लागते. चावी खुंटीवर घट्ट बसली पाहिजे, सैल असेल तर खुंटीचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलीच चावी धरत नाही. कुठल्या बाजूला फिरवायची ते घड्याळावर अवलंबून, हलकेच दोन्हीकडे बघा, जिकडे कटकट आवाज येत फिरते ती बाजू. आणि प्रत्येक फेऱ्यानंतर हळूच सोडायची, एकदम हात काढला आणि आतला खटका झिजलेला असला तर चावी गर्रकन उलटी फिरते आणि बोटं सडकून निघतात. पण वर्षानुवर्षं बंद असेल तर आधी घड्याळजीकडून साफ करून घ्या, मग चावी द्या. पंखवाल्या चावीला दुसऱ्या बाजूला बारीक टोक असलं तर ते घड्याळ मागे-पुढे पडत असेल तर वेग कमीजास्त करायला, सगळ्या घड्याळांना ती सोय नसते.

प्रश्न: गोव्यात आमच्या मूळ घराची चावी, जवळजवळ वीतभर, मूठ बदामाच्या आकाराची, वजन म्हणाल तर हातोडीएवढं. एवढी भारी चावी म्हणजे कुलूप पण तेवढंच सेफ असणार ना? त्याच घरातली एक छोटी पण आहे, तिचा दांडा आतून पोकळ आहे, तो का? — एक वाचक, मडगाव

उत्तर: उलटं आहे. वीतभर चावीचं कुलूप बहुतेक वेळा सगळ्यात भोळं असतं. या कुलपांत आत लोखंडी आडकाठ्या असतात आणि चावीच्या पात्याला त्या आडकाठ्या चुकवतील अशा खाचा. बस, एवढीच सिक्युरिटी. म्हणून कुणी चावीचं पातं कानशीने घासून नुसतं टोक ठेवलं तर ती कुठल्याच आडकाठीला अडत नाही आणि एका चावीने गल्लीतली निम्मी दारं उघडतात. वजन जास्त कारण दार जाड आणि कुलूप मोठं, चोराशी त्याचा संबंध नाही. खरी राखण दाराच्या आतला अडसर करायचा, आणि आत झोपलेली माणसं. चावी भिंतीवर लावा, शोभेल, पण मागच्या दाराला चांगलं सात लिव्हरचं (लिव्हर म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या) कुलूप घाला.

पोकळ दांड्याचं निरीक्षण झकास! पोकळ दांडा आत एका खुंटीवर बसतो, म्हणजे कुलूप एकाच बाजूने उघडतं, म्हणजे कपाट, पेटी, टेबलाचा खण असलं काहीतरी. भरीव दांडा आणि त्याचं टोक पात्याच्या थोडं पुढे आलेलं असेल तर ते दार दोन्ही बाजूंनी उघडायचं. त्यामुळे तुमची छोटी चावी घेऊन दारं शोधत फिरू नका, फर्निचर शोधा.

प्रश्न: गिरगावात आमच्या बंद दुकानात चब कंपनीची लंडनची तिजोरी आहे. चुलतभावाने जुडग्यातल्या सगळ्या चाव्या घालून बघितल्या. मग खरी चावी सापडली तर आता ती पण फिरत नाहीये, काल-परवापर्यंत हीच चावी चालायची असं काका शपथेवर सांगतात. — एक वाचक, मुंबई

उत्तर: काका खरं बोलतायत आणि तिजोरीने तुमच्या भावाला चोर ठरवलंय! याच्यामागची गोष्ट भारी आहे. १८१७ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत बनावट चाव्या वापरून चोरी झाली, तेव्हा सरकारने जाहीर केलं की स्वतःच्या चावीशिवाय उघडणार नाही असं कुलूप कुणी करून दाखवा, १०० पौंड बक्षीस. १८१८ मध्ये जेरेमाया चबने ते केलं. त्यात चुकीच्या चावीने किंवा तारेने एखादा लिव्हर गरजेपेक्षा वर उचलला गेला की एक खटका पडतो आणि तो लिव्हर वरच अडकून राहतो. मग खरी चावी सुद्धा चालत नाही, म्हणजे मालकाला कळतं की कुणीतरी हात लावून गेलंय. असं सांगतात की कैद्यांच्या जहाजावर एक कुलूपवाला कैदी होता, त्याला हे उघडलंस तर सुटका आणि वर १०० पौंड अशी ऑफर दिली, त्याने महिने घालवले आणि हात टेकले.

सुरुवातीला खटका सोडवायला वेगळी चावी लागायची, १८२४ मध्ये सुधारणा झाली आणि मालकाच्याच चावीने काम व्हायला लागलं. म्हणून असं करा, खरी चावी घाला आणि उघडायच्या नाही तर बंद करायच्या दिशेने हलकेच फिरवा. आत टिक झाल्यासारखं वाटलं की खटका सुटला, मग नेहमीसारखी उघडा. चबच्या प्रत्येक तिजोरीत ही सोय असतेच असं नाही, त्यामुळे नाही झालं तर जोर लावू नका, तिजोरीचं काम करणारा माणूस बोलवा, चावी आत तुटली तर खर्च कैक पटीने वाढतो. (आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने हेच कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं आणि इंग्रजांची झोप उडवली. पण तो हॉब्ज होता, तुमचा भाऊ नाही.)

प्रश्न: मी बर्लिनमध्ये राहते, जुन्या बिल्डिंगमध्ये. किचनच्या ड्रॉवरमध्ये एक चावी मिळाली जिला दोन्ही टोकांना दाते आहेत आणि मूठच नाही! आमच्या दाराला आता नवीन कुलूप आहे. ही काय भानगड? — एक वाचक, बर्लिन

उत्तर: हिची आम्ही वाटच बघत होतो. हिला बर्लिनची चावी म्हणूनच ओळखतात, योहान श्वाइगर नावाच्या तिथल्याच कुलूपवाल्याची कल्पना, आणि १९१२ पासून केर्फिन कंपनीने ती बनवली. प्रॉब्लेम असा होता की भाडेकरूंच्या मोठ्या बिल्डिंगचं रस्त्यावरचं दार रात्री प्रत्येकाने आत आल्यावर परत कुलूपबंद करायचं, आणि अर्थातच कुणी करायचं नाही. आपल्याकडे अशा वेळी पाटी लावतात, "दार बंद करावे, अन्यथा दंड आकारण्यात येईल", आणि पाटीखाली दार सताड उघडं. श्वाइगरने पाटी कुलपातच घातली म्हणा ना. बाहेरून चावी घालून फिरवली, दार उघडलं, पण चावी बाहेर निघतच नाही. तिला ढकलून कुलपातून आरपार आतल्या बाजूला न्यायचं, स्वतः आत जायचं, दार लावायचं, आतून चावी फिरवून कुलूप घालायचं, तेव्हाच चावी हातात येते. म्हणजे कुलूप न लावता वर गेलात तर चावी दारातच राहिली. मूठ नाही ती याचसाठी, मूठ असती तर आरपार गेली नसती.

दिवसा दार उघडं ठेवायचं असेल तर बिल्डिंगच्या राखणदाराकडे वेगळी चावी असायची, तिने तो कुलपाची ही जबरदस्ती चालू-बंद करायचा. आता बऱ्याच ठिकाणी ही कुलपं काढून टाकलीत. तुमच्या बिल्डिंगचं खालचं दार जुनंच असेल तर त्याचं भोक बघा, आरपार असेल आणि चावीच्या दात्यांच्या आकाराचं असेल तर एकदा लावून बघा. फक्त बघताना कुणीतरी आतल्या बाजूला उभं राहू दे, नाही तर चावी आत, तुम्ही बाहेर. आणि घर सोडताना ही घरमालकाची की तुमची ते विचारून घ्या.

प्रश्न: कोल्हापूरहून एक फोटो आलाय, सोबत एकच ओळ: "तारेची चावी, टोकाला सुईच्या नेढ्यासारखी चीर, कशाची?"

उत्तर: माशांच्या किंवा मटणाच्या जुन्या डब्याची. डब्याच्या पत्र्याला एक जीभ असते, ती या चिरेत अडकवायची आणि चावी गुंडाळत न्यायची, पत्र्याची पट्टी तिच्यावर गुंडाळत जाते आणि डबा उघडतो. एका डब्याला एक चावी, डब्याबरोबरच यायची. डबा कधीच रिकामा झाला असणार, चावी टाकली तरी चालेल.